नाल्याची संरक्षक भिंत कलली, तर ती सावरायची कोणी?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. कुर्ला पश्चिमेला मिठी नदीला मिळणाऱ्या एका मोठ्या नाल्याच्या काठावर आपली सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. इमारत बांधताना विकासकाने नाल्याच्या बाजूने काँक्रीटची संरक्षक भिंत उभारली. पुढे संस्थेने त्याच भिंतीवर विटांची कुंपणभिंत चढवली आणि आतल्या बाजूला भराव टाकून गाड्या लावण्यासाठी जागा केली. गेल्या दोन पावसाळ्यांत ही भिंत नाल्याकडे कलली आहे, आतली फरशी खचली आहे आणि संस्थेचे पावसाचे पाणी जिथून नाल्यात पडते तिथली लोखंडी झडप गंजून उघडी राहिल्यामुळे मोठ्या भरतीला नाल्याचेच पाणी आवारात शिरते. विभाग कार्यालय म्हणते, भिंत तुमची. पर्जन्य जलवाहिन्या खाते म्हणते, भिंत विकासकाने बांधली, आमच्या ताब्यात आलेली नाही. विकासक दाद देत नाही, आणि सभासद म्हणतात की नाला महापालिकेचा असताना आम्ही खर्च का करायचा. मग जबाबदारी कोणाची, हा आपला प्रश्न आहे.

आधी माझे मत स्पष्ट सांगतो. आपण ज्याला एक भिंत म्हणत आहात, त्यात जबाबदारीच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाल्याचा तळ, प्रवाह आणि प्रवाहाला धरून ठेवणारा भिंतीचा खालचा भाग यांची निगा राखणे हे प्रथमतः महापालिकेचे काम आहे. भिंतीवर चढवलेले विटांचे बांधकाम, भिंतीमागचा भराव आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा भार ही जबाबदारी निःसंशय संस्थेची आहे. संस्थेच्या आवारातल्या पाण्यासाठी बसवलेली झडपही संस्थेचीच आहे. ‘सगळे त्यांचेच’ किंवा ‘सगळे आमचेच’ अशा टोकाच्या भूमिकेतून ही भिंत सावरली जाणार नाही. अशा बहुतेक भिंती दोन्ही बाजूंची पत्रे एकमेकांकडे जात असतानाच कोसळतात, म्हणून या विभागणीचा आधार मी थोडा विस्ताराने मांडतो.

जमिनीपासून सुरुवात करू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांचे तळ आणि भरतीरेषेखालील खाड्यांचे तळ, इतर कोणाची कायदेशीर मालकी नसेल तर, राज्य शासनाच्या मालकीचे असतात. त्यामुळे कागदोपत्री नाल्याचा मालक अनेकदा शासन असते आणि त्याचा प्रतिनिधी उपनगर जिल्ह्याचा जिल्हाधिकारी असतो. मात्र नाल्याची देखभाल करणारे कर्मचारी किंवा यंत्रसामग्री जिल्हाधिकारी कार्यालयाकडे नसते, आणि मालकी शासनाची आहे म्हणून दुरुस्तीही शासनानेच करावी असा अर्थ त्यातून निघत नाही. मालकी शोधायची ती वेगळ्या कारणासाठी. भिंत नेमकी कोणाच्या हद्दीत उभी आहे हे कळल्याशिवाय पुढचा कोणताही युक्तिवाद टिकत नाही. आपल्या भूखंडाचे मालमत्ता पत्रक आणि नगर भूमापन नकाशा काढा, आणि शक्य असेल तर नगर भूमापन कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्या. मुंबईत मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत भिंतीचा पाया भूखंडाच्या हद्दीत असतो आणि तिचा दर्शनी भाग हद्दरेषेवर किंवा जरा पलीकडे असतो. कधी नाला रुंद करताना भूखंडाचीच एक पट्टी त्यात गेलेली असते आणि मालमत्ता पत्रकावर त्याची नोंदच झालेली नसते.

आता देखभालीच्या कर्तव्याकडे येऊ. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ६१ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि गटारे व जलनिस्सारणाची कामे बांधणे, सुस्थितीत ठेवणे आणि स्वच्छ करणे हे त्यांतले एक आहे. त्या अधिनियमातली गटाराची व्याख्या पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या चरापर्यंत पोचेल इतकी व्यापक आहे. त्यामुळे ज्या नाल्यातून महापालिका दर वर्षी गाळ काढते, ज्यात शेजारच्या रस्त्यांच्या जलवाहिन्या सोडलेल्या आहेत आणि ज्याचे रुंदीकरण तिनेच केले आहे, तो नाला आपल्या देखभालीत नाही असे म्हणणे तिला अवघड जाते. निधी नाही ही सबबही पुरत नाही. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली हे स्पष्ट केले की सार्वजनिक आरोग्याशी निगडित वैधानिक कर्तव्य पैशाच्या टंचाईचे कारण देऊन टाळता येत नाही. तिथले रहिवासी उघड्या गटारांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याबाबतच्या, कलम १३३ खाली गेले होते. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे, आणि वकील मंडळी उच्च न्यायालयाचाच विचार आधी करत असली तरी हा मार्ग अजूनही खुला आहे.

या कर्तव्याला एक मर्यादा मात्र आहे, आणि सभासदांना ती नीट समजावून सांगावी लागेल. महापालिकेचे कर्तव्य प्रवाहाबद्दलचे आहे. आपली जमीन आणि तिच्यावर आपण चढवलेला भार आपल्यासाठी तोलून धरणे हे त्या कर्तव्यात येत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील कलम ७ शेजारच्या जमिनीकडून आधार मिळण्याचा नैसर्गिक हक्क मान्य करते, परंतु तो हक्क जमीन तिच्या नैसर्गिक अवस्थेत असेपर्यंतचा आहे. खोदलेल्या किंवा कृत्रिम भार दिलेल्या जमिनीला तो तसा लागू होत नाही. नाल्याचा तळ खोल केल्यामुळे आपल्या मूळ जमिनीचा आधार गेला, असे आपण म्हणू शकता. मीटरभर डेब्रिजचा भराव आणि त्यावर रांगेने लावलेल्या गाड्या यांचा भार नाल्याने सोसायला हवा होता, असे म्हणता येत नाही.

मुंबईत आणखी एक गुंता आहे, तो म्हणजे एकाच पाण्याच्या वाटेवर अनेक संस्थांचे अधिकार असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. सुमारे १७.८ किलोमीटरच्या मिठीपैकी वरचा साधारण ११.८ किलोमीटरचा भाग महापालिकेकडे आणि खालचा, माहीमच्या खाडीकडचा, सुमारे ६ किलोमीटरचा भाग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) अशी मूळ विभागणी ठरली. रेल्वेमार्गाखालच्या मोऱ्या रेल्वेच्या हद्दीत येतात, विमानतळाच्या आवारातल्या प्रवाहाचा प्रश्न वेगळा आहे, पूर्व किनाऱ्यावर बंदर प्राधिकरणाची जमीन आहे आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांशी महाराष्ट्र सागरी मंडळाचा संबंध येतो. डोंगरउतारावरच्या वस्त्यांतल्या संरक्षक भिंती बऱ्याचदा झोपडपट्टी सुधार मंडळाने बांधलेल्या असतात. शिवाय ही विभागणी कायमची नसते. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ साली एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले, आणि त्यांच्या कडेच्या पर्जन्य जलवाहिन्यांसाठी दाद कोणाकडे मागायची हेही त्याबरोबर बदलले. म्हणून ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे तोंडी उत्तर कोणाकडूनही स्वीकारू नका. आपल्या भिंतीसमोरचा तुकडा आज कोणाकडे आहे, हे लेखी विचारा.

आपले प्रकरण त्या मानाने सोपे आहे, कारण आपली भिंत मुख्य नदीवर नाही, नदीला मिळणाऱ्या नाल्यावर आहे. महापालिकेत सर्वसाधारणपणे मोठे नाले पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे आणि छोटे नाले विभाग कार्यालयाच्या परिरक्षण शाखेकडे असतात. आपला नाला मोठ्या नाल्यांच्या यादीत असेल तर पत्र खात्याच्या पूर्व उपनगरांच्या कार्यालयाला लिहा आणि प्रत एल विभागाच्या सहाय्यक आयुक्तांना द्या. उलट केल्यास ते पत्र दोन कार्यालयांच्या मध्येच महिनाभर पडून राहते.

‘भिंत आमच्या ताब्यात आलेली नाही’ हे खात्याचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवे, कारण त्यात तथ्य असू शकते. नाल्यालगतच्या भूखंडावर इमारतीला परवानगी देताना पर्जन्य जलवाहिन्या खात्याचे अभिप्राय घेतले जातात आणि त्यांत नाला किती रुंद ठेवायचा, तळाची पातळी काय असावी, काठाची भिंत कशी बांधायची, यंत्रे आत नेण्यासाठी काठाने किती रुंदीची वाट मोकळी सोडायची अशा अटी असतात. विकासक या अटींनुसार भिंत बांधतो, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला त्याच खात्याकडून घेतल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये, अशी अपेक्षा असते. म्हणून माहिती अधिकाराखाली पाच कागद मागा: मूळ परवानगीतील अटी, पर्जन्य जलवाहिन्या खात्याचे अभिप्राय, भिंतीचा मंजूर आराखडा, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि हस्तांतराचा कागद. अर्ज एकाच वेळी इमारत प्रस्ताव खात्याला आणि पर्जन्य जलवाहिन्या खात्याला द्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

हस्तांतराचा कागद मिळाला तर वाद जवळजवळ संपला. भिंत महापालिकेच्या नोंदीत आहे आणि तिची देखभाल तिनेच करायची. दाखला आहे पण हस्तांतर नाही, अशी स्थिती सर्वांत जास्त आढळते. अशा वेळी युक्तिवाद असा करावा की खात्याने स्वतः आराखडा ठरवला, काम तपासले, ते योग्य असल्याचे लिहून दिले आणि नंतर वर्षानुवर्षे त्या भिंतीच्या आधाराने नाल्यातला गाळ काढला. ती आता नाल्याचा भाग झाली आहे. दोन्ही कागद नसतील आणि भिंत आपल्याच हद्दीत असेल, तर मात्र खात्याची बाजू जड आहे हे मान्य करून बोलणी करावी लागतील.

विकासकाबद्दल थोडक्यात सांगतो. मालकी हक्काच्या सदनिकांच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे बांधकामातल्या दोषांसाठी तीन वर्षांची आणि स्थावर संपदा नियमनाच्या रेरा कायद्यातील कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांची मुदत असते. आपली इमारत जुनी असल्यामुळे त्या वाटेने फारसे काही हाती लागेल असे मला वाटत नाही. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावे करणे, झाले नसेल तर मात्र जमिनीचा नोंदलेला मालक अजूनही विकासक किंवा मूळ जमीनमालक आहे आणि महापालिकेच्या नोटिसीत त्याचेही नाव यायला हवे. विकासकाच्या सहकार्याशिवाय होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज रखडला असेल तर तो आता मार्गी लावा.

इथपर्यंतचा भाग कागदांचा झाला. माझ्या अनुभवात जबाबदारीचा खरा निर्णय मात्र भिंत कशामुळे कलली या प्रश्नावर होतो, आणि याच प्रश्नाकडे बहुतेक संस्था आणि अधिकारी पाठ फिरवतात. भिंत कलण्याची कारणे मोजकीच आहेत आणि त्यांतले प्रत्येक कारण आपली खूण मागे ठेवते.

पहिले कारण भिंतीमागे साठलेले पाणी. संरक्षक भिंतीत ठरावीक अंतरावर भोके ठेवलेली असतात, त्यांना बांधकामावर सगळेच वीप होल म्हणतात. मागच्या मातीत मुरलेले पाणी त्यांतून बाहेर यावे, हा त्यांचा उद्देश. ती बुजली की पाणी मागे चढत जाते. भिंतीमागे दीड मीटर पाणी उभे असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे १.१ टनाचा रेटा येतो. तेच पाणी तीन मीटर झाले तर रेटा सुमारे ४.५ टन होतो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो, आणि मातीचा स्वतःचा दाब त्याशिवाय असतो. २०१९ च्या जुलैमध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरावरची भिंत कोसळून तिशीहून अधिक माणसे गेली. त्या रात्रीही अतिवृष्टीचे पाणी भिंतीमागे तुंबले होते. ती नाल्याची भिंत नव्हती, तरी भिंतीमागचे पाणी दोन्हीकडे सारखेच काम करते.

भरतीच्या नाल्यावर यात आणखी एक भर पडते. मुंबईत मोठ्या उधाणाच्या वेळी समुद्राची पातळी पाच मीटरच्या आसपास जाते आणि साधारण सहा तासांत पाणी ओसरते. भरती असताना नाल्यातले पाणी भिंतीला समोरून टेकू देत असते. ओहोटी लागली की समोरचा टेकू जातो, पण मागची माती पाण्याने भरलेलीच राहते. म्हणून अशा भिंती नाला दुथडी भरलेला असताना टिकतात आणि पाणी उतरताना पडतात. उधाण ओसरले म्हणजे धोका टळला, असे समजून लोक याच वेळी भिंतीजवळ जातात. आपल्या सभासदांना हे आजच सांगा.

दुसरे कारण पायाखालची धूप. प्रवाहाच्या वळणावर, मोरीच्या तोंडाशी आणि जिथे नाला अचानक अरुंद होतो तिथे पाणी तळ खणत जाते. याला माणसाच्या हातचेही कारण असते. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात हे प्रमाण ५० मिलिमीटरवर नेण्याचे ठरले आणि २००५ नंतर अनेक नाले रुंद व खोल झाले. ज्या भिंतीचा पाया जुन्या, उथळ तळाचा विचार करून घातला होता, तिच्या पायथ्याशी तळ खाली गेला की पाया उघडा पडतो. पावसाळ्यापूर्वी गाळ काढताना पोकलेनचे बकेट ठरलेल्या पातळीपेक्षा खाली गेले, तर एका दिवसात तेच होते. त्यात कुर्ला, माहीम, वांद्रे या पट्ट्यात खाडीचा मऊ चिखल खोलवर असतो, आणि त्याच्यावर टेकलेल्या उथळ पायाला फार खणावे लागत नाही.

तिसरे कारण वरचा भार, ज्याबद्दल वर लिहिलेच आहे. चौथे, काँक्रीटच्या आतल्या सळया गंजणे. खारे पाणी चढते-उतरते त्या पट्ट्यात हे सर्वाधिक होते. सळईच्या रेषेत आडवी भेग पडते, तांबूस डाग उतरतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात.

आता खुणा. पाण्यामुळे किंवा भरावामुळे कललेली भिंत बहुधा माथ्याकडून पुढे झुकते, आणि आतल्या फरशीला भिंतीला समांतर लांबलचक भेग पडते. पाया खणला गेला असेल तर भिंत तळाशी पुढे सरकते किंवा तिचा एखादाच तुकडा खाली बसतो, सांध्यापाशी दोन तुकड्यांची उंची वेगळी दिसते आणि आतल्या बाजूला खळगा पडतो, कारण माती पायाखालून नाल्यात निसटत असते. आपण लिहिले आहे की फरशी ‘मधोमध बशीसारखी’ खचली आहे. हे वर्णन बरोबर असेल तर मला पायाखालच्या धुपेचा संशय येतो, आणि ते खरे ठरले तर महापालिकेकडे मागणी करण्याचा आपला आधार पुष्कळ बळकट होतो.

मात्र हे सिद्ध करायला मोजमाप लागते, आणि ते आजपासून सुरू करता येते. भिंतीच्या माथ्यावर तीन ठिकाणी रंगाने खूण करा आणि प्रत्येक खुणेवरून आतल्या म्हणजे मातीच्या बाजूने नव्हे, तर बाहेरच्या म्हणजे नाल्याच्या बाजूने ओळंबा सोडून माथ्याशी व पायथ्याशी दोरी आणि भिंत यांतले अंतर मोजा. दर आठवड्याला ओहोटीच्या वेळी एकाच माणसाने त्याच खुणांवर हे करावे. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा हातभर लांबीचा पातळ पट्टा ओढून त्यावर तारीख घाला. भेग हलती असेल तर तो पट्टा तडकेल. वीप होल किती आहेत, त्यांतली किती वाहतात आणि येणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हेही लिहून ठेवा. गढूळ पाणी म्हणजे मागची माती वाहून चालली आहे. ही मोजणी कठड्यावरून किंवा परांचीवरून करा. नाल्यात कोणालाही उतरवू नका. अशी सहा-आठ आठवड्यांची वही आणि सोबत नोंदणीकृत संरचना अभियंत्याचा अहवाल असला, की विभागातल्या अभियंत्याशी होणारे बोलणे वेगळ्याच पातळीवर जाते. संस्थेने केलेल्या इमारतीच्या संरचना परीक्षणात नाल्याची भिंत सहसा धरलेली नसते. अभियंत्याला ती लेखी कळवून समाविष्ट करून घ्यावी लागते.

झडपेचा भाग लहान आहे. ती झडप फक्त आपल्या आवारातल्या नळीच्या तोंडाशी असेल तर ती संस्थेने स्वखर्चाने बदलावी आणि यात वाद घालण्यात वेळ दवडू नये. रस्त्याची जलवाहिनी आपल्या आवारातून नेऊन त्याच तोंडाशी सोडलेली असेल तर ती झडप महापालिकेची. लोखंडी झडपेऐवजी रबरी किंवा एचडीपीई या टणक प्लास्टिकची घ्या, कारण खाऱ्या पाण्यात लोखंडी बिजागरी फार काळ टिकत नाही. मात्र कोणतीही झडप लावली तरी प्लास्टिकची एक पिशवी अडकली की ती उघडी राहते. त्यामुळे आतल्या बाजूला जाळीचा चेंबर हवा आणि जून ते सप्टेंबर प्रत्येक मोठ्या उधाणाआधी कोणीतरी तो पाहायला हवा. भरतीचे वेळापत्रक महापालिका पावसाळ्याआधी प्रसिद्ध करते. साडेचार मीटरच्या वरच्या दिवसांवर संस्थेच्या सूचनाफलकावर खूण करून ठेवा. झडप बंद असताना आवारातल्या पावसाच्या पाण्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून एक छोटा पंप लागेल, हेही खर्चात धरा.

दुरुस्ती कोणीही करो, परवानग्यांचा विचार आधीच करावा लागतो. सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजार भागांत ५ भाग जिथपर्यंत आढळते, तिथपर्यंत भरतीचा प्रभाव धरून नाल्याचा काठ किनारा नियमन क्षेत्रात येऊ शकतो. तसे असेल तर १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारणा करावी लागते. भिंतीच्या पायथ्याशी तिवरे असतील तर आणखी जपायला हवे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तिवरांची तोड आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातले बांधकाम यांवर कडक निर्बंध आहेत, आणि सार्वजनिक कामासाठीही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कंत्राटदार ‘दोन फांद्या छाटू’ म्हणाला तरी त्याला मोकळीक देऊ नका. तिवरांची मुळे काठाची माती धरून ठेवतात, म्हणून त्यांना हात न लावता मागच्या बाजूने काम करणे भिंतीच्याही हिताचे असते.

आता खर्च आणि सभासद. महापालिका अधिनियमातील कलम ३५४ प्रमाणे कोसळण्याच्या बेतातले बांधकाम पाडण्याची किंवा दुरुस्त करण्याची नोटीस आयुक्त मालकाला अथवा भोगवटादाराला देऊ शकतात, आणि कलम ४८९ प्रमाणे ते काम स्वतः करून खर्च वसूल करू शकतात. म्हणजे आपण ‘भिंत धोकादायक आहे’ एवढेच लिहून थांबलात, तर उत्तरात आपल्याच नावाची नोटीस येण्याची शक्यता आहे. या भीतीने अनेक संस्था लिहीतच नाहीत, आणि ते मला सर्वांत घातक वाटते, कारण भिंत पडून कोणाचा जीव गेला तर धोका माहीत असूनही गप्प राहिलेल्या पदाधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागते. लिहायचेच, पण विभागणी करून लिहायचे.

त्यासाठी सर्वसाधारण सभेत असा ठराव करा की भिंतीवरचे विटांचे कुंपण उतरवून जाळीचे हलके कुंपण घालणे, भिंतीलगत तिच्या उंचीएवढ्या रुंदीच्या पट्ट्यात गाड्या लावणे बंद करणे, जादा भराव काढणे, फरशीच्या भेगा बुजवून पावसाचे पाणी आत मुरू न देणे, गच्चीच्या पन्हाळी दुसरीकडे वळवणे, वीप होल मोकळी करणे आणि झडप बदलणे ही कामे संस्था आपल्या दुरुस्ती निधीतून, जबाबदारीबाबतचा आपला हक्क राखून, तातडीने करत आहे. ‘हक्क राखून’ हे शब्द ठरावात आणि पत्रात दोन्हीकडे असू द्या, म्हणजे खर्च केला म्हणून भिंत आपलीच असल्याचे मान्य केले, असा अर्थ पुढे काढला जाणार नाही. यांतली बहुतेक कामे खर्चाने लहान आहेत, पण भिंतीवरचा रेटा त्यांनी लगेच कमी होतो. जड काम, म्हणजे पायथ्याशी संरक्षण देणे, मायक्रोपाइल (जमिनीत खोलवर घातलेले बारीक खांब) घालणे किंवा तो तुकडा पाडून नव्याने बांधणे, हे नाल्याच्या तळातून करावे लागते. ते खात्याच्या आराखड्याशिवाय संस्थेने करूही नये, कारण नाल्याची रुंदी दोन वीत जरी कमी झाली तरी वरच्या अंगाच्या वस्तीत पाणी चढते.

पत्रात संस्था काय करत आहे ते आधी लिहा, मग मोजणीची वही, अभियंत्याचा अहवाल, हद्दीचा नकाशा आणि मिळालेले जुने अभिप्राय जोडा. त्यानंतर तीन गोष्टी मागा: खात्याच्या अभियंत्यासोबत ओहोटीच्या वेळी संयुक्त पाहणी व तिचा सही केलेला अहवाल, पुढच्या गाळउपशात या भिंतीच्या पायथ्याशी ठरलेल्या पातळीखाली न खणण्याची लेखी सूचना, आणि भिंतीच्या खालच्या भागाचे मजबुतीकरण खात्याच्या कामांच्या यादीत घेणे. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुमारास मांडला जातो आणि विभागांच्या मागण्या त्याच्या काही महिने आधी गोळा होतात, तर नाल्याच्या तळातले काम पाऊस थांबल्यापासून मेअखेरपर्यंतच करता येते. त्यामुळे हे पत्र ऑक्टोबरच्या आत पोचायला हवे, आणि त्यानंतर नगरसेवक किंवा आमदार यांच्याकडे निधीसाठी जायचे असेल तर त्याच पत्राची पोच सोबत न्यावी. संयुक्त पाहणी दोन महिन्यांत झाली नाही तर वकिलामार्फत महापालिका अधिनियमातील कलम ५२७ ची, दावा लावण्यापूर्वी द्यावी लागणारी, एक महिन्याची नोटीस द्या आणि तिच्यात आधीच्या पत्राचा व मोजणीच्या आकड्यांचा तारखांसह उल्लेख करा. या काळात ओळंब्याचे अंतर एका आठवड्यात ठळकपणे वाढलेले दिसले किंवा भेगेवरचा पट्टा तडकला, तर मात्र पत्राची वाट पाहू नका. त्याच तासाला भिंतीलगतची जागा दोरी बांधून बंद करा, तळमजल्यावरच्या त्या बाजूच्या कुटुंबांना हलवा आणि १९१६ वर आपत्कालीन कक्षाला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.